शंभर निरोप

मराठीत निरोप म्हणजे सांगावा,
आणि निरोप म्हणजे निघून जाणंही.
कॅल्डर नदीच्या या चिंचोळ्या खोऱ्यात
हे कुणाला समजावून सांगायची वेळ आली नव्हती,
फेब्रुवारीतल्या त्या रात्रीपर्यंत.

मागच्या पुरात आधी मोबाइलचा टॉवर गेला, मग पूल.
म्हणून आम्ही एकतीस पेट्या बसवल्या,
धुराड्यांवर, चॅपलच्या छपरावर,
नसरीनच्या कबाबच्या दुकानाच्या पाटीमागे.
तार नाही, मनोरा नाही, पाटील नाही.
जे कानावर येईल ते शेजारणीला सांगायचं,
पदरचं काही न घालता.
वर, धरणाखाली, पाणी मोजणारी काठी म्हणणार: एक मीटर दहा.
आणि खाली, जिथे नदी उंबऱ्याला लागून वाहते,
तिथे तेवढंच पोचायचं: एक मीटर दहा.

त्या रात्री खाली काहीच पोचलं नाही.
नदी मात्र अंधारात धोंडे घोळवत होती,
ते मला खिडकी बंद असूनही ऐकू येत होतं.

संशय आला सात नंबरवर.
आमचा नियम साधा: निरोप दिला की पाठ फिरवायची नाही.
कान द्यायचा. शेजारीण तो पुढे बोलते का, ऐकायचं.
नाही ऐकू आलं, तर तिचा एक गुण कापायचा.
सात नंबरचे गुण संपले होते.
मी तिचं नाव यादीतून काढलं. एक बटण.
मग रेनकोट चढवला आणि
विनिफ्रेड ॲक्रॉइडच्या घराची चढण चढले,
ब्याऐंशी वर्षांच्या बाईला चोर ठरवायला.

पेटी स्वयंपाकघरात, बिडाच्या तव्यांच्या रांगेमागे.
"छपरावर गारठेल, म्हणून आत आणली," ती म्हणाली.
आवाज होता. तव्यांपलीकडे घोगरा होऊन जात होता, इतकंच.
आणि पेटीशेजारी वही.
पेटीच्या इवल्या पडद्यावर जे जे उमटलं
ते पेन्सिलीनं, गिरणीतल्या जुन्या हिशेबनिसाच्या अक्षरात:
दोन चौदा. एक मीटर साठ. आला. दिला.
दोन वीस. एक मीटर पंच्याहत्तर. आला. दिला.
कुणाला? एकोणीसला.
पुन्हा एकोणीसला.
सगळे एकोणीसला.

तेव्हा कुठे मी नकाशा नीट पाहिला.
खोऱ्यातल्या सगळ्या वाटा
बंद गिरणीकडे उतरत होत्या, उतारावरच्या पाण्यासारख्या.
एकोणीस नंबर सगळ्यांना सांगत होती:
माझ्याकडे द्या, मी सर्वांत जवळची, एका उडीत पोचवते.
साखर पेरत होती.
सगळ्यांनी तिच्या ओंजळीत आकडे ओतले.
ओंजळीला तळ नव्हता.

मग गॅरेथ सटक्लिफ शिट्टी फुंकत दारोदार धावला,
आजोबांच्या काळात धावले असते तसा.
पाणी तिसऱ्या पायरीला टेकलं. माणसं वरच्या मजल्यावर होती.

सकाळी गिरणीत खरी एकोणीस सापडली,
बॅटरी फुगून केव्हाचीच गप्प.
आणि बाकाखाली चिकटपट्टीनं डकवलेली दुसरी,
नवी कोरी, तिचं नाव लावून बोलणारी.
कुणी लावली, का लावली, आजही माहीत नाही.
खोऱ्यात हजार माणसं. दुकानात सगळे हसून बोलतात.

आता प्रत्येक पेटीची किल्ली आम्ही हातानं दिली,
हवेतून नाही, घरोघर, चहा घेत.
सहीशिवाय नाव मानायचं नाही.
जवळची वाट सांगेल तिला आधी विचारायचं, कुणाच्या साक्षीनं?
एवढं करूनही मी निर्धास्त झोपते असं नाही.

विनिफ्रेडला मी यादीत परत घेतलं.
पण मशीन माझी माफी मोजत नाही.
"माझ्यावर पुन्हा विश्वास बसायला किती दिवस?"
मी म्हटलं, दिवस नाही. शंभर निरोप,
दिलेले, आणि शेजारणीनं ऐकलेले.

तिनं तवे खाली उतरवले. पेटी खिडकीत ठेवली.
त्या संध्याकाळी एकतीस पेट्यांमधून
पहिला निरोप गेला, सातकडून, सहीसकट:
कुंपणावर रॉबिन बसलाय.
मग दुसरा:
अजून बसलाय.